चाळीस पानं राहिली

ताई – हात लावू नकोस त्या चादरीला. बाजूला हो म्हणते ना!

बंड्या – अगं, नुसती झटकतोय.

ताई – झटकून निघतं का ते? ओला कागद आहे. झटकलास की आणखी पसरतो. इतकी वर्षं लॉन्ड्रीत काढलीस, खिशात राहिलेल्या एका तिकिटानं काय घोळ होतो ते माहीत नाही तुला? आणि तू अख्खं पुस्तक टाकलंस मशीनमध्ये!

बंड्या – टाकलं. डोकं फिरलं होतं, टाकलं.

ताई – लॉजच्या साठ चादरींबरोबर.

बंड्या – आत चादरी आहेत हे लक्षात नाही आलं.

ताई – मग काय असणार होतं मशीनमध्ये? भाजी?

बंड्या – हे बघ ताई, उगाच तोंड चालवू नकोस. सुरुवात तू केलीस. काल त्या व्हायोलिनवाल्यानं मला चारचौघांत किती सुनावलं! माणसाचा कार्यक्रम होता, स्वेटर घालून वाजवायला गेला बिचारा. का? तर आमच्या ताईसाहेबांनी त्याच्या कोटाची नंबराची चिंधी खूण म्हणून पुस्तकात घातली!

ताई – इस्त्रीसाठी काढली होती. तेवढ्यात काउंटरवर बाई आली, हातात होती ती घातली पुस्तकात. परत टाचायची राहिली. चूक झाली, मी कालच सांगितलं. पण बिनचिंधीचा कोट दुसऱ्याच माणसाच्या हातात कोणी दिला?

बंड्या – दोन काळे कोट होते. तो म्हणाला, हाच माझा.

ताई – आणि तू दिलास. चिंधी नाही तर कपडा काउंटरवरून हलवायचा नाही, हे अण्णांनी तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मोबाईलवर मॅच बघत होतास तू.

बंड्या – शेवटची ओव्हर होती!

ताई – माझी शेवटची चाळीस पानं होती.

बंड्या – मॅच आणि पुस्तक एक आहे का? मॅच मी बघतो तेव्हा माझे कान उघडे असतात. तुला परवा तीन हाका मारल्या. तीन! तिसऱ्या हाकेला मान वर केलीस, ती पण अशी, की हा कोण बाबा मधेच उपटला. तोंडावर राग आला होता तुझ्या. माझ्यावर!

ताई – आला होता.

बंड्या – बघ. कबूल करतेस.

ताई – करते. तू हाक कशाला मारलीस? हँगर कुठे ठेवलेत म्हणून. हँगर बावीस वर्षं एकाच खिळ्याला आहेत, बंड्या.

(काचेचं दार उघडतं. व्हायोलिनवाले आत येतात.)

वादक – मी वाईट वेळी आलो का? कोट सापडल्याचा फोन आला होता सकाळी.

बंड्या – या, या साहेब. हा घ्या तुमचा कोट. तो माणूस स्वतः आणून देऊन गेला.

ताई – थांब. साहेब, पावती दाखवता का?

वादक – आज पावती? काल हा नियम कुठे होता बाई?

ताई – कालही होता. पाळला नाही आम्ही. म्हणून आज पाळतेय.

वादक – घ्या. ही पावती. काल पहिल्या रांगेतल्या लोकांनी मला विचारलं, बरं नाही का तुम्हाला, थंडी वाजतेय का. बाकीचे सगळे काळ्या कोटात आणि मधे मी, मोरपंखी स्वेटरमध्ये. तीस वर्षांत अशी शोभा झाली नव्हती माझी.

ताई – माझी चूक आहे. चिंधी मी काढली होती.

वादक – ऐकलं काल. पुस्तक वाचत होतात म्हणे. काउंटरवर बसून वाचायचं असतं का? घरी वाचावं माणसानं. आणि ही कॉलर बघा, नीट बसलेली नाही.

बंड्या – मी पुन्हा करून देतो साहेब, दोन मिनिटांत.

वादक – नको. तुमच्या दुकानात दोन मिनिटं ठेवायचीसुद्धा भीती वाटते आता. येतो मी.

बंड्या – गेला. पुन्हा येत नाही हा. आणि जाऊन अख्ख्या वाद्यवृंदाला सांगणार. वीस कोट येतात त्यांचे आपल्याकडे, वीस!

ताई – माहितीये. सगळ्यांच्या बाहीची लांबी पाठ आहे मला.

बंड्या – मग हे नाद कशाला? एवढी वर्षं तुझं काही अडलं होतं का पुस्तकावाचून? चांगली होतीस. हसायचीस, बोलायचीस, दुपारी आपण दोघं चहा घ्यायचो. आता चहा गार होतो आणि तू त्या पानांत. मला वाटतं, मी दुकानात एकटाच आहे. नाही आवडत मला. सरळ सांगतो, नाही आवडत.

ताई – दुपारी आपण बोलायचो? तू बोलायचास. मेव्हण्याची गाडी, बायकोची कटकट, मॅच. मी हं हं करायचे आणि बटणं लावायचे.

बंड्या – अस्सं. म्हणजे एवढी वर्षं नुसतं हं हं.

ताई – आता तूच काढलास विषय. तो रेनकोट आठवतो? कुणी न्यायलाच आलं नाही तो? त्याच्या खिशात पुस्तक होतं. धुण्याआधी खिसे तपासायचे, तसे तपासले. नाव सापडतंय का म्हणून उघडलं, तर नुसता वाचनालयाचा शिक्का. आणि तिथं उभ्याउभ्या वाचायला लागले. पहिल्या दिवशी किती वाचलं असेन? दीड पान. तीच ओळ चारचारदा वाचायचे. डोळे खाली जायचे आणि डोक्यात लॉजच्या उश्या. मला रडू आलं. एकोणीस वर्षांची होते तेव्हा दोन दिवसांत एक पुस्तक संपवायचे मी, आणि आता दीड पानापुढे जाता येईना.

बंड्या – मग सोडायचं. झेपत नाही तर सोडायचं.

ताई – तूच म्हणशील ते! नाही सोडलं. रोज पहाटे उठून दोन पानं, मग चार पानं. मोबाईल तांदळाच्या डब्यात ठेवायचे, हात जाऊ नये म्हणून. आणि एक दिवस असंच वाचत होते, काउंटरच्या कडेला टेकून, तर एकदम लक्षात आलं की माझे पाय दुखत नाहीयेत. बंड्या, माझे पाय रोज दुखतात. इथं उभी राहायला लागल्यापासून. त्या तासाभरात मला पाय आहेत हेच मी विसरले होते. 

बंड्या – खुर्ची घे म्हटलं होतं मी तुला.

ताई – अरे देवा. खुर्ची!

बंड्या – मग काय म्हणू? मला नाही कळत तुझं. अण्णांचा हात भाजला, दुकान बंद पडायची वेळ आली, तू कॉलेज सोडून उभी राहिलीस. सगळे म्हणतात, ताई होती म्हणून दुकान टिकलं. मीही म्हणतो. अजून काय पाहिजे तुला?

ताई – चाळीस पानं पाहिजे होती. गोष्टीतली ती बाई दार उघडते का नाही, एवढंच कळायचं राहिलं होतं. आता ती या चादरींना चिकटून बसलीये. हे बघ, इथे ‘आणि तिनं’ एवढं दिसतंय. आणि तिनं काय? 

बंड्या – आणतो ना दुसरं. कुठं मिळतं सांग, आत्ता जाऊन आणतो. मग तर झालं? फक्त दुकानात वाचू नकोस. शप्पथ घे.

ताई – नाही.

बंड्या – नाही म्हणजे?

ताई – शपथ घेणार नाही. पुस्तकही तू आणायचं नाहीस. वाचनालयात या पुस्तकाची दुसरी प्रत आहे. मी तिथं चाललेय. आधी त्यांना सांगते की त्यांच्या पुस्तकाचं काय झालं, आणि मग तिथंच बसून पुढचं वाचते.

बंड्या – आत्ता? चार वाजता लॉजचा माणूस येईल!

ताई – येऊ दे. चादरी वाळव, पूर्ण वाळल्या की कागद सुटतो. ब्रश खालच्या खणात आहे. कोपऱ्याकडून आत घासायचं, उलट नाही.

बंड्या – साठ चादरी? मी?

ताई – पुस्तक टाकताना कोण होतं? आणि उद्यापासून दुपारी एक ते तीन मी दुकानात नसेन. रोज. काउंटर तुझा.

बंड्या – ताई, चिडलीयेस तू. बस जरा. चहा टाकतो.

ताई – चिडलेय. चिडूनच जातेय. 

बंड्या – अगं, गिऱ्हाइकं येतील, फोन येतील, मशीन चालू, इस्त्री तापलेली... मला एकट्याला नाही गं जमत हे.

ताई – मलाही जमत नव्हतं. मला कुणी विचारलं नाही.