देवीच्या पायाशी संख्याशास्त्र

सरस्वतीपूजेच्या खिचडीसाठी कृष्णनगरच्या कॉलेजात ही लांब रांग लागली होती. कपाटं उपसून कंबर धरलेले ग्रंथपाल हलधरदाही पत्रावळ घेऊन त्या रांगेत उभे होते, आणि त्यांच्या पुढच्या दोघी मागे न बघता बोलत होत्या.

"तुलतुल, देवीच्या पायाशी कुठलं पुस्तक ठेवलंस गं?"

"संख्याशास्त्राचं. तेवढंच डोक्यात शिरत नाही."

"लायब्ररीतलं? अगं, ते तर हरवलंय! हलधरदा महिनाभर शोधताहेत."

"हरवतंय कशाला! एकच प्रत आहे, दुसऱ्या कुणी नेऊ नये म्हणून मीच पाककलेच्या कपाटात दडवलं होतं."

"आणि आज त्यांनी पाहिलं तर?"

"पाहिनात का! पूजेच्या दिवशी पुस्तकाला हात लावायची कुणाची छाती आहे? उद्या उजाडताच उचलते, की पुन्हा मसाल्यांत."

"उद्या उजाडताच मीही येतो, तुलतुल."

"अगं बाई, हलधरदा! तुम्ही?"

"सकाळी तासभर देवीपुढे बसलो होतो. म्हटलं, आई, ते एक पुस्तक सापडू दे."

"मग... दिसलं नाही तुम्हाला?"

"कसं दिसणार? डोळे मिटून मागत होतो ना!"