स्पीकरचा कागद

अरविंद : वाजवून बघितलंस? कसा स्वच्छ झालाय आवाज. महाडला नेऊन ॲम्पच्या स्पीकरचा कागदच नवा घातला.

दीक्षा : मला न विचारता, पप्पा?

अरविंद : त्यात काय विचारायचं? फाटला व्हता. माझ्या गायन पार्टीचा ॲम्प हाय तो. फाटका देऊन लेकीला लोकांत पाठवू काय?

दीक्षा : माझ्या गिटारचा तो फाटका आवाज ऐकायलाच येतायत सगळे. आज संध्याकाळी, पोलादपूरच्या बंद भातगिरणीत. बॅनर नाही, काही नाही, एकानं दुसऱ्याला सांगून. चिपळूणहून पण पोरं निघालीयत.

अरविंद : चोरून कशाला वाजवायचं मग? मंडळाचा सयाजी भेटला वाटेत. म्हणाला, ही खरखर जयंतीच्या स्टेजवर चालायची नाय. नीट वाजवणार असंल तरच पोरीला आण.

दीक्षा : मग नाही येत. गिरणी आहे आम्हाला.

अरविंद : ती गोऱ्यांची जुनी हार्ड रॉक गाणी. तुम्हाला आत्ता कुठून आठवली गो?

दीक्षा : गोऱ्यांनी नंतर उचलली. ती निघाली ब्लूजमधून, आणि ब्लूज म्हणजे अमेरिकेत कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या माणसांचं गाणं. धड गिटार नाही, धड स्पीकर नाही. आवाज फाटायचा, तरी वाजवत राहिले. शेवटी तो फाटका आवाजच त्यांचा झाला.

अरविंद : मी ठिगळाची चड्डी घालून शाळेत गेलो, दीक्षा. पोरं मागनं हसायची. तेव्हाच ठरवलं, माझ्या घरातलं कोण फाटकं घेऊन चारचौघांत जायचं नाय.

दीक्षा : माहीत आहे मला. ते हसले आणि तुम्ही ठिगळ झाकत राहिलात. मी नाही झाकणार. मी ते मोठ्यानं वाजवणार.

(अरविंद ॲम्पजवळ उकिडवा बसतो.)

अरविंद : जुना कागद त्या दुकानदारानं फेकला असंल.

दीक्षा : नव्याला ब्लेडनं चिरा दिल्या की तोच आवाज येतो. पूर्वी मुद्दाम तसं करायचे. ब्लेड आणून ठेवलंय, पण हात धजत नाही माझा. तुम्ही एवढ्या हौसेनं बसवलाय.

अरविंद : तुझा तो ढोल बडवणारा अश्विन आला काय टेम्पो घेऊन?

दीक्षा : कधीचा. बाहेर उभा आहे.

अरविंद : त्याला सांग, थांब म्हणावं. मी पण येतोय.

दीक्षा : सयाजीकाकांच्या दारावरून जायचंय, पप्पा.

अरविंद : मग पुढच्या सीटवर बसतो, त्याला नीट दिसंन. आण ते ब्लेड इकडं. कुठनं कुठपर्यंत फाटला व्हता, माझ्या ध्यानात हाय.