दोन भाऊ, एक डोंगर आणि मध्ये मी

नाही, पण मला सांगा, दोन सख्खे भाऊ, दोघांच्या दारांत मोजून चौदा पावलं, आणि त्यांना एकमेकांशी बोलायला तिसरं माणूस लागावं? आणि ते तिसरं माणूस कोण, तर जिला वर्गात हजेरी देतानासुद्धा घाम फुटतो ती. मी. आईला म्हटलं, तू जा की. तर आई म्हणाली, "मी गेले तर भांडण होईल. तू बरी, तुला बोलताच येत नाही." आता याला काय म्हणायचं?

तुम्हाला सांगते, सगळं त्या डोंगरामुळे. आमचं बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला एक डोंगर आणि त्याच्या पायाशी चिकटलेले आम्ही. बाबा निरीक्षण केंद्रात. केंद्र म्हणजे धक्क्याजवळच्या दोन खोल्या, एक भोंगा, आणि एक यंत्र, ज्यावर कागद फिरतो आणि सुई रेघ काढते. जमीन हलली की सुई हलते. डोंगराच्या पोटात काय चाललंय ते बाबा त्या रेघेवरून ओळखणार आणि जेवताना आम्हाला ऐकवणार. "समुद्राचा तळ आपल्या बेटाखाली सरकतो. सरकताना पाणी घेऊन जातो. ओला दगड लवकर वितळतो. वितळलेला रस वर येतो, पण तो पातळ नाही, चिकट, आणि त्यात वायू कोंडलेला." मग वाटीतला भात दाबून दाखवायचे. "एकदा राख पडते, तिच्यावर रस थिजतो, पुन्हा राख, पुन्हा रस. थरावर थर. असा उभा राहिलाय आपला डोंगर." आई म्हणायची, "तो राहू दे उभा, भात गार होतोय."

तर दोन वर्षांपूर्वी सुई वेड्यासारखी हलली. बाबांनी भोंगा वाजवला, अख्खं गाव होड्यांत बसून पलीकडच्या किनाऱ्यावर. काकांच्या सहा गाई. त्यांनी विचारलं, किती दिवस? बाबा म्हणाले, चार. काकांनी चार दिवसांचा चारा-पाणी ठेवून गाई बांधल्या, म्हणजे रानात भटकायला नकोत. लागले अकरा दिवस. डोंगरानं काय केलं? एक धुराची गुंडाळी सोडली आणि गप्प. परत आलो तर दोन गाई दाव्यालाच गेलेल्या.

त्या दिवसापासून बोलणं बंद. आणि मध्ये कोण, तर मी.

काका म्हणायचे, "सांग तुझ्या बापाला, त्याची सुई हलली की माझ्या गाई मरतात." मी चौदा पावलं चालत यायचे आणि सांगायचे, "काका म्हणाले, गाईंची काळजी वाटते." बाबा म्हणायचे, "सांग तुझ्या काकांना, सुई मी हलवत नाही, आणि अक्कल असती तर दावी सोडून आला असता." मी जाऊन सांगायचे, "बाबा म्हणाले, बरं." गाळून द्यायचे हो सगळं. खडे काढून टाकायचे. मला वाटायचं, उरेल ते मऊ असेल.

आणि या वर्षी पुन्हा सुरू. तीन आठवडे जमीन गुरगुरत होती, भांडी फळीवर वाजत होती. लोक हसायचे. न्हावी बाबांना म्हणाला, "या वेळी किती दिवसांची सहल?" मग एका सकाळी सगळं थांबलं. सुई सरळ. डोंगराच्या तोंडची वाफसुद्धा बंद. गाव म्हणालं, चला, शांत झाला एकदाचा डोंगर.

मी डबा घेऊन केंद्रात गेले तर बाबा एका हातानं भोंगा फिरवतायत, दुसऱ्या हातानं कानाला फोन, वरच्या साहेबांना ओरडून सांगतायत, "शांत नाही झाला, कोंडलाय. तोंडाशी रस थिजून बूच बसलंय, खाली वायू साठतोय." फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. चेहरा राखेसारखा. "पळ. दादाला सांग, माझं चुकलं. दोन्ही वेळच्या गाईंचं पाप माझ्यावर घेतो म्हणावं, पण तू ये. गाई राहू दे. एकटा ये. हात जोडतो म्हणावं."

दादा. दोन वर्षं "तुझे काका, तुझे काका" चाललं होतं, आणि आता दादा.

मी पळाले. तोंडात ते सगळं घोळवत पळाले. गोठ्यात पोचले तर काका ढवळी गाईजवळ बसलेले, ती व्यायला टेकलेली, मान जमिनीवर टाकून. त्यांनी वर बघितलं. दुसऱ्याचे जोडलेले हात कसे न्यायचे हो? मोठ्या माणसाला मोठ्या माणसाचं "चुकलं" कसं सांगायचं? सवयच गाळायची. मी म्हटलं, "बाबा म्हणाले, निघा."

"एवढंच?"

"एवढंच."

काका हसले. "सांग तुझ्या बापाला, या वेळी दावी सोडतो. तू हो पुढे."

आमची होडी सुटायची होती तेव्हा त्यांच्या तीन गाई धक्क्यावर आल्या, आपल्या आपण, गळ्यात तुटकं दावं नाही, नीट सोडलेल्या. बाबा त्यांच्या मागे बघत राहिले. रस्त्यावर कोणी नव्हतं. मग डोंगर फुटला. आवाज नंतर आला, आधी तापलेल्या राखेचा करडा ढग उतारावरून खाली आला, जमिनीला चिकटून, ओढ्याच्या बाजूनं. गोठा ओढ्याच्या बाजूला. बाबांना दोघांनी धरून होडीत बसवलं.

आता इथे पलीकडे एका खोलीत राहतो आम्ही, होडीतून आणलेल्या काकांच्या तीन गाई मागच्या अंगणात. बाबा यंत्राकडे जात नाहीत. रोज संध्याकाळी मला विचारतात, "सगळं सांगितलं होतंस ना?" मी म्हणते, सगळं. "चुकलं ते?" तेही. "हात जोडले ते?" तेही. "मग काय म्हणाला दादा?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, म्हणाले, जाऊ दे. बाबांनी मान हलवली आणि बऱ्याच दिवसांनी दोन घास जेवले. मग दुसऱ्या दिवशी थोडं वाढवलं. काका म्हणाले, माझाही हट्टच होता. काल तर बाबांनी परत निरोप दिला, "म्हणावं, तिन्ही गाई बऱ्या आहेत," आणि मी खिडकीशी जाऊन उभी राहिले, थोडा वेळ थांबले, आणि येऊन म्हटलं, काका म्हणाले, त्यांना वेळेवर पाणी दाखव.

खूप बोलतात हो आता दोघं. दोन वर्षांत बोलले नव्हते इतकं बोलतात. फक्त दोघांचंही मीच बोलते.