उजव्या पायाचा नमुना

आधीच माफी मागते. हे मी मोबाईलवर एका बोटाने टाइप केलंय, माझं फार हळू होतं. कार्यक्रम झाला की ग्रुपवरही टाकणार आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाला हसू नका. शाळा आठवीत सुटली, काना-मात्रे तिथेच राहिले. माझी मामी बाळंतपणाला दवाखान्यात आहे, मध्येच मेसेज वाजला तर तेही सांभाळून घ्या.

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आमचे मालक, व्यासपीठावरच्या पाहुण्या, शिलाईच्या ताया, तळ चिकटवणारे दादा, आणि जिच्यासाठी आपण जमलोय ती आपल्या सगळ्यांची आत्या, सर्वांना नमस्कार.

मला बोलता येत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. मी इथे पायाने बोलते. पाहुण्यांसाठी सांगते, बायकांचा बूट नुसतं चित्र काढून होत नाही. आत्या आधी फरम्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर, कागदी पट्ट्या चिकटवते. त्यावर पेन्सिलीने डिझाईन काढते. मग संत्र्याची साल काढावी तशी ती सोडवते आणि सपाट करते. त्यावरून कातडं कापायचं. पण आधी एकच नग, उजवा. तो घालून कुणीतरी चालायचं. ‘चावतो’ म्हटलं की शिवण उसवायची. ‘बसला’ म्हटलं, आणि आत्यालाही पटलं, की ती टेबलावर बोटाने टकटक करते. मगच डावा. पाय हो म्हणाल्याशिवाय आमच्याकडे जोड होत नाही.

तो पाय आधी माझ्या आईचा होता.

आई माझ्यासारखी घुमी नव्हती. आत्या ओरडायची, “अगं, पाय चालव, तोंड कशाला चालवतेस?”

आई म्हणायची, “पाय तुझ्या बुटात अडकलाय, तोंडच तेवढं मोकळं आहे.”

आत्या म्हणायची, बूट आणि जावई पहिल्या दिवशी छानच दिसतात. (मालकांचे जावई समोरच बसलेत, माफ करा. हे आत्याचं आहे, माझं नाही.)

आईने घातलेला शेवटचा नमुना काळा होता, पुढून बंद, मागे पट्टा. ती खिडकीपर्यंत गेली, परत आली, करंगळीवर बोट ठेवलं. “इथं जरा चावतोय गं. उद्या बघू.” आत्याने तिथे चंदेरी शाईने गोल केला.

उद्या आईच राहिली नाही. आत्या आमच्या घरी आली तेव्हा तिच्या बोटांना ती शाई तशीच होती.

मग मी इथे आईच्या चपला न्यायला आले. आत्या खाली बसली, माझा पाय हातात घेतला, सोडेचना. म्हणाली, “पाय तिचाच आहे. फक्त गप्प आहे.” तेव्हापासून मी इथेच.

बाकीचे नमुने होत गेले, दुकानात गेले. पण कामातून सवड मिळाली की आत्या तो काळा काढायची. “घाल.” मी चालायचे. बसला म्हणायचे. “नाही बसला. ऐकू येतंय मला.” पुन्हा उसवायची. टाके घालून घालून कडेचं कातडं चाळणीसारखं झालं. मालक म्हणाले, आत्या, ती फॅशनसुद्धा गेली आता. तर म्हणाली, “पाय हो म्हणालेला नाही अजून.”

“मी म्हणतेय ना?”

“तू नाही गं.”

आता तिला सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणून ती लेकीकडे राहायला चाललीय, लांब. परवा तिने तो बूट कपाटात ठेवला आणि म्हणाली, “राहू दे असाच.”

मघाशी मी दारातून इथवर आले तेव्हा खट-फट, खट-फट आवाज आला आणि तुम्ही हसलात. तो हाच. उजव्या पायात तो आहे, डाव्यात माझी चप्पल.

आत्या, तू आवाजावरून ओळखलंच असशील. खरं सांगते. करंगळीपाशी जागा उरते. आईला तिथे गाठ होती, मला नाही. तू तिच्यापुरती जागा केलीस, ती बरोबरच केलीस. ती मला भरता यायची नाही, तू कितीही उसवलंस तरी. पण चावत नाही गं. उरतो, पण चावत नाही. तिला विचारायचं राहिलं, म्हणून मी सांगते. बसला.

मी वर बघणार नाही, मोबाईलकडेच बघीन. तुला पटलं तर टकटक कर. डावा मी शिवीन. वाकडा झाला तर फोनवर ओरड.

...

ऐकलंत ना सगळ्यांनी?

मालकांनी आईनंतर आत्याची नमुन्यांची खोली बंद केली नाही, त्यांचे आभार. ताया, दादा, तुम्ही मला कधी बोल बोल केलं नाहीत, तुमचेही. कुणाचं नाव मागेपुढे झालं असेल, काही तोंडातून भलतं गेलं असेल, तर पदरात घ्या. मी नवीन आहे बोलण्यात.

थांबा, मोबाईलवर मेसेज आलाय. मामीला मुलगी झाली.