रेषेवरचा वण

आमचं मूळ गाव पोखर्णीच्या अलीकडं, पण मी वाढले परभणीतच, वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत क्लार्क होते म्हणून. घरात सगळे पुस्तकवाले, काका मास्तर, आत्या मास्तरीण, आणि मी निघाले टेनिसवाली, आता बोला. नात्यातल्या बायका आईला विचारायच्या, शीतल काय खेळती म्हणे, तर आई म्हणायची, टीव्हीत त्या बायका ओरडत ओरडत खेळतात ना, ते. एकदाच आली होती मला बघायला, आणि घरी जाऊन वडिलांना म्हणाली, आपली ओरडत न्हाई, गपचूप खेळती. शाळेत मी शुद्ध बोलते बरं का ताई, लेकरांना शिकवायचं असतं, पण इथं कोर्टावर पाय ठेवला की माझी अशीच भाषा सुरू होती, तुमी तसंच लिवा.

हे कोर्ट बघायलात ना, हे मुरमाचं हाय, सिमेंटचं न्हाई. निजामाच्या वेळेला साहेब लोक खेळायचे म्हणतात, मग ते कॉलेजकडं आलं. रोज पाणी शिंपडायचं, रोलर फिरवायचा, चुन्यानं रेघा मारायच्या, आणि अशा जमिनीवर चेंडू पडला की त्याचा वण उमटतो, छोटासा, लांबट. सगळे मार्क म्हणायचे, वण हा काशीमावशीचा शब्द. काशीमावशी म्हणजे कोर्ट सांभाळणारी बाई, पाणी तिचं, रोलर तिचा, गेटची किल्ली तिच्या कमरेला. चेंडू आत पडला का बाहेर यावरून दोघांत जुंपली की जायचं आणि वण बघायचा, लगेच भांडण मिटलं. मावशीला खेळातलं काडीचं कळत न्हवतं, मधली जाळी शेळ्या येऊ नयेत म्हणून बांधलीय असं ती लय दिवस समजत होती.

मी आधी खो-खोवाली. कॉलेजातल्या आमच्या जुन्या खेळाच्या सरांना मुलींच्या टेनिसला एक तरी नाव पाठवायचं होतं, ते म्हणले पळतीस चांगली, ये. आले, आणि पहिल्यांदा चेंडू रॅकेटच्या बरोबर मधोमध लागला ना, तो आवाज, काय सांगू तुम्हाला, त्या आवाजानं मी येडीच झाले. पण समोर खेळायला पोरगी कुठाय? पोरं हसायची, न्हाईतर लय जोरात मारायची. मग मी टोपलंभर चेंडू घ्यायची आणि एकटीच सर्व्हिस मारत बसायची. सर्व्हिस म्हणजे ज्या फटक्यानं खेळ सुरू होतो तो. त्याला समोर कुणी लागत न्हाई. गेटकडच्या बाजूला उभं राहायचं आणि पलीकडं बारवेच्या बाजूला मारायचं, सकाळी, दुपारी, कवा बी. मारायची आणि मला वाटायचं, पलीकडं कुणीतरी उभं हाय. भ्या न्हाई वाटायचं, खरं सांगते, बरं वाटायचं.

बारव ती काय, त्या तारेच्या मागं. पायऱ्या उतरत गेलं की शेवटच्या कट्ट्यावर सात दगड हायेत, शेंदूर लावलेले. साती आसरा, पाण्यातल्या सात बहिणी. बायका बांगड्या ठेवतात, दहीभात ठेवतात, आणि दिवस डोक्यावर आला की तिथं कुणी थांबत न्हाई. मावशीनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, बाये, तू त्येंच्या अंगणात खेळायलीस, नवं कायबी आलं की पयलं त्येंचं. मग जुन्या सरांच्या वेळेपासून रीतच पडली, चेंडूंचा नवा डबा उघडला की पहिला चेंडू बारवेत. सर देवभोळे न्हवते, पण म्हणायचे, जाऊ दे, एका चेंडूनं काय होतंय.

आता टेनिसचा चेंडू बुडत न्हाई ताई, तो तरंगतो. सकाळी टाकला की पिवळाधमक पाण्यावर दिसायचा, आणि दुसऱ्या दिवशी नसायचा. मला वाटायचं पोरं काढून नेत असतील. मग एका उन्हाळ्यात बारव आटली, पार तळ दिसला, गाळ काढायला माणसं उतरली. फुटकी मडकी निघाली, बांगड्यांचे तुकडे निघाले, एक पितळी तांब्या निघाला. चेंडू एकबी न्हाई. मी वरून वाकून बघायले, काशीमावशी माझ्या शेजारी, आणि ती म्हणाली, खेळायला नेलं आसतील. असं सहज म्हणाली आणि रोलर ओढायला गेली.

जुने सर रिटायर झाले आणि नवे सर आले. माणूस चांगला, मेहनती, पहाटे माझ्याआधी कोर्टावर. माझी सर्व्हिस त्यांनी सुधारली, मी त्यांना नावं ठेवणार न्हाई. पण पहिल्याच नव्या डब्याला मी चेंडू घेऊन बारवेकडं निघाले तर त्यांनी हाक मारली, कुठं निघालीस? मी सांगितलं. ते हसायला लागले. म्हणले, अगं शीतल, देवीला टेनिस येतं का? आणि माझ्या हातातला चेंडू घेऊन टोपल्यात टाकला. मलाही हसू आलं तेव्हा. काशीमावशी तेवढी हसली न्हाई, झारी घेऊन तशीच उभी राहिली.

मग एक गोष्ट व्हायला लागली. नवा डबा उघडला, आणि डबा उघडताना तो फस्स करतो, तुमी ऐकला असंल, कुणी धरलेला श्वास सोडावा तसा, आणि त्यातल्या पहिल्या चेंडूनं मी सर्व्हिस मारली, की पलीकडं जाऊन बघावं तर वण नसायचा. बाकीच्या चेंडूंचे उमटायचे, माझ्या बुटांचे उमटायचे, त्या एकाचा न्हाई. सर म्हणले, चुन्यावरून घसरला असंल. मी म्हणलं असंल. सरावात वण कोण हुडकतंय, सरावात भांडण कुणाशी करायचंय? पण तेव्हापासून मी दुपारी एकटी खेळायचं सोडलं.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. वडिलांनी मला समोर बसवून सांगितलं, हे बघ बेटा, विद्यापीठाच्या संघात आलीस तर खुशाल खेळ, बाहेर जा, शिक, मी हाय पाठीशी, पण न्हाई आलीस तर रॅकेट ठेवायची आणि बी.एड. करायचं, मग रडायचं न्हाई. मी कबूल झाले. वडिलांचं काय चुकलं? त्यांना मास्तरकी माहीत, टेनिसचं पुढं काय होतं ते त्यांनाही माहीत न्हाई आणि मलाही न्हाई. मला फक्त तो आवाज सोडायचा न्हवता. रात्रंदिवस एकच डोक्यात, संघात यायचं.

निवडीचे सामने नांदेडला. सर आणि मी रेल्वेनं गेलो, पिंगळी स्टेशन गेलं तेव्हा सर म्हणले, डोकं थंड ठेव. तिथलं कोर्ट बी मुरमाचंच, असंच. शेवटचा सामना लातूरच्या पोरीशी, ती लय चांगली, पण माझी सर्व्हिस तिला झेपत न्हवती. खेळता खेळता अशी येळ आली की एक पॉइंट, फक्त एक, मिळाला की मी संघात. सर कुंपणाला धरून उभे. सर्व्हिस माझी.

आणि नेमका आदल्या पॉइंटला तिचा फटका उडाला, चेंडू भिंतीवरून पार रस्त्यावर. पंच म्हणले थांबा, आणि त्यांनी नवा डबा उघडला. फस्स. भर दुपार होती ताई, माणसं होती, कुल्फीवाला ओरडायला होता, आणि मला तो एकच आवाज ऐकू आला. पंचांनी चेंडू माझ्याकडं टाकला. हातात घेतला तर गार होता. त्या उन्हात गार.

मारला. तो आवाज आला, माझ्या जिंदगीतला सगळ्यात चांगला आवाज. चेंडू कोपऱ्यात गेला, जिथं दोन रेघा मिळतात तिथं, बरोबर रेघेवर, मी माझ्या डोळ्यांनी बघितला. लातूरची पोरगी हाललीच न्हाई. सरांनी हात वर केले. आणि मग ती पोरगी म्हणाली, आऊट. ती खोटारडी न्हवती, मी तिच्या तोंडाकडं बघितलं ना, तिला खरंच आत दिसला न्हाई. पंच खाली आले, वण बघायला. वाकले. मग गुडघ्यावर बसले. मी गेले, सर आत आले, सगळे वाकून बघायले. सकाळपासूनच्या खेळाचे वण होते, तिच्या बुटांचे होते, त्या कोपऱ्यात काहीच न्हाई. चुना अजिबात हालला न्हवता. पंच बिचारे हैराण, म्हणले, पोरी, वणच न्हाई तर मी आत कसा देऊ, दुसरी सर्व्हिस मार. आणि तो चेंडू बी सापडेना. मागं भिंत, बाजूला भिंत, जाणार कुठं? लय शोधला सगळ्यांनी, मग पंचांनी दुसरा दिला.

एका पॉइंटला दोन सर्व्हिस मिळतात, एक गेली होती. दुसरी सर्व्हिस जाळीत. त्याच्यापुढचं मला आठवतच न्हाई, मी हरले एवढं खरं. येताना रेल्वेत मी खिडकीला डोकं लावून रडले, लोक बघायले होते, बघू दे म्हणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इथं आले, जुने बूट ठेवले होते ते न्यायला. घरात कुणाला नीट काही सांगितलं न्हवतं, काशीमावशीला सांगायचा तर प्रश्नच न्हाई. ती गेटात उभी, रोलर न घेता. म्हणाली, बाये, काल हितं कोण आलं व्हतं? मी म्हणलं, कोण येणार, आमी नांदेडला होतो. ती म्हणाली, मंग ये, बघ. तिनं काल दुपार व्हायच्या आतच पाणी मारून, रोलर फिरवून, ताज्या रेघा मारून कुलूप लावलं होतं. सगळं कोर्ट सपाट, कोरं. आणि बारवेकडच्या बाजूला, जिथं दोन रेघा मिळतात त्या कोपऱ्यात, एक वण. अर्धा चुन्यावर, अर्धा मुरमावर.

मी खाली बसले. हात लावायची हिंमत झाली न्हाई. माझाच होता, माझी सर्व्हिस जशी तिरपी येती तसाच तिरपा. आत होता ताई. आत होता. मी रडायला लागले, हसायला बी लागले, मावशी म्हणाली काय झालं गं, आणि मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तू चेंडू द्यायचं बंद केलंस, त्येंनी घेतला.

मी सरांना बोलावून आणलं. ते आले, वणाजवळ उभे राहिले. मग म्हणले, बाहेरून कुणी दगड टाकला असंल. आणि जाळीला वळसा घालून इकडं गेटच्या बाजूला आले, आणि इथं, हे बघा, ह्या मागच्या कोपऱ्यात येऊन थांबले. हळूच म्हणले, शीतल, इकडं ये.

दुसरा वण होता.

मागच्या रेघेला लागून, खोल, लांब ओढलेला. जाळीपलीकडून आलेला. म्हणजे कुणीतरी ती सर्व्हिस घेतली होती आणि परत मारली होती, आणि असली मारली होती की ती मला मिळालीच नसती. जिच्यावर लातूरची पोरगी हालली बी न्हाई, ती सर्व्हिस. पलीकडं जिथून मारली असंल तिथं आमी बघितलं, सरांनी बघितलं, पावलाचा एक ठसा न्हाई. रोलर फिरवलेली कोरी जमीन.

सर परत हसतील असं मला वाटलं. ते हसले न्हाईत. देवीला टेनिस येतं का म्हणणारा तो माणूस, तोंड उतरलं होतं त्यांचं. खोलीत गेले, नवा डबा आणला, उघडला, पहिला चेंडू माझ्या हातात दिला आणि म्हणले, मला काही विचारू नको. मी तो बारवेत टाकून आले. आणि काशीमावशी कोर्टाच्या मधे उभी राहून एकदा ह्या वणाकडं, एकदा त्या वणाकडं बघून मला म्हणाली, मंग जितलं कोण?



वडिलांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मला जवळ घेतलं, आणि म्हणले, बेटा, माझा विश्वास हाय तुझ्यावर, पण हा वण दाखवून कुणी संघात घेत न्हाई. शब्द दिला होता, मी बी.एड. केलं. आता पिंगळीला शाळेत हाय, मालक पण मास्तरच, घर बरं चाललंय. काशीमावशी गेली, किल्ली आता माझ्याकडं असती. शाळेच्या आधी सकाळी ह्या पोरींना शिकवते, आणि सुट्टीच्या दिवशी दुपार व्हायच्या आत कुलूप लावते. नवा डबा आला की पहिला चेंडू त्यांचा, त्याच्यात कसूर न्हाई. त्यांच्यावर माझा राग न्हाई. होता आधी, लय होता, मी आसरांना शिव्या बी दिल्यात. पण मग मनात यायचं, इथं एकटी सर्व्हिस मारायची तेव्हा समोर कुणीतरी हाय असं वाटायचं ना, ते खरंच होतं, आणि माझी सर्व्हिस परत मारणारी बाई मला ह्या जिल्ह्यात त्यांच्याशिवाय दुसरी कुणी भेटली न्हाई. पोरी गेल्या की मी जरा ह्या मागच्या कोपऱ्यात उभी राहते, रॅकेट घेऊन. येडी म्हणा. तो परत आलेला चेंडू घ्यायचा राहिलाय माझा.

ती बघा, लाल रिबीनवाली, श्रावणी, उद्या निवडीला जायलीय. तिच्या घरी पण तेच, संघात आलीस तर खेळ. आज तिच्या नावाचा डबा उघडला आणि म्हणलं, जा, पहिला टाकून ये. तर ती हसायला लागली, मॅडम, देवीला टेनिस येतं का? तेच शब्द, तिला कुणी सांगितलेले न्हाईत. मी म्हणलं, येतं बाई. माझ्यापेक्षा चांगलं येतं. मग ती गपचूप गेली, टाकून आली, आणि पाया पडली माझ्या. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि जिंक म्हणले न्हाई. जा म्हणलं, तुझा चेंडू जिथं पडंल तिथंच त्याचा वण उमटू दे.