डिटेस्ट कवा म्हणायचं

रहिमतपूरच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर सासू-सून वाईच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या.

“संयोगिता, डिटेस्ट म्हंजे काय गं? काल फोनवर भनीला म्हणत हुतीस.”

“न आवडणं, आत्या.”

“मला कारलं आवडत न्हाई. तसं?”

“तेवढ्यासाठी नाही वापरत.”

“मग कवा वापरत्यात?”

“एखाद्याचं तोंडसुद्धा बघू नये असं वाटलं, की.”

“व्हय? मग काल कुणाबद्दल म्हणत हुतीस?”

“शेजारच्या काकींबद्दल.”

“तिच्या तर दसऱ्याला सोनं देऊन पाया पडलीस.”

“पडावं लागतं, आत्या.”

“आन माझ्या रोज सकाळी पडतीस, त्ये?”

“गाडी आली. उठा, हात धरा माझा.”

“पिशवी धर. हात ऱ्हाऊ दे.”