दलदलीचे टायर

सासरे: ...याच्यापेक्षा माझ्या चपलेच्या तळाला जास्त खाचा आहेत. आणि असले टायर माझ्या मुलानं दलदलीसाठी आणले म्हणे. सूनबाई, हात लावून बघ. मधोमध पाटीसारखा गुळगुळीत झालाय.

सूनबाई: मामा, एकच टायर फाटलाय. त्याच्यासारखा एक घेऊ आणि निघू. टेम्पोवाला बाहेर खोळंबलाय.

दुकानदार: टेम्पोत चढवलीय ती चार चाकांची बाईक, एटीव्ही, तुमचीच का? बघू तो फाटलेला.

सासरे: बघतोस काय त्यात. चारही बदलायचेत. उद्यापासून गाडी मी चालवणार आहे. मोडलेला पाय बरा झाला, काठी घेऊन चाला असं डॉक्टर स्वतःच्या तोंडानं म्हणालेत.

सूनबाई: घरातल्या घरात चाला म्हणालेत.

सासरे: डॉक्टरांनी शेळ्या पाळलेल्या नाहीत. माझ्या शेळ्या टेकडीवर आहेत. मधे दलदल आहे. तिथं मीच जाणार, आणि उद्याच जाणार. इतके महिने तुम्ही नवराबायकोनं उपकार केलेत, ते पुरे झाले.

दुकानदार: आजोबा, मला आधी जमीन सांगा. टायर मग बोलू.

सासरे: आजोबा कोणाला म्हणतोस? तुझे केस माझ्याइतकेच पांढरे आहेत. मी रंगवत नाही एवढंच.

दुकानदार: बरं, काका. जमीन सांगा. लोक इथं येतात आणि भिंतीवरचा सगळ्यात रागीट दिसणारा टायर मागतात. परवा एक जण आला होता, समुद्राकाठी राहणारा. त्याला हे एवढाले दाते हवे होते. मी म्हटलं, साहेब, हे चिखलाचे आहेत, वाळूत खड्डा खणतील. वाळूला रुंद टायर घ्या, हवा कमी ठेवा. तर मलाच म्हणाला, तुला काय कळतंय. संध्याकाळी फोन आला, गाडी पोटापर्यंत रुतलीय आणि भरती येतेय.

सासरे: मला असली माणसं फार आवडतात. माझ्या घरात एक आहे. त्यानं टायर निवडले ते मोबाइलवर बघून. दलदलीला खडीच्या रस्त्याचे टायर. मी खाटेवरून ओरडलो, अरे हे काय आणलंस. तर म्हणतो, बाबा, चालतात. चालतात म्हणजे काय? बैल काय नांगराशिवायही चालतो.

सूनबाई: त्यांचं काही चुकलेलं नाही मामा.

सासरे: तू त्याची बाजू घेणारच. तुला दिलंय त्याला, आता परत घेता येत नाही.

दुकानदार: काका, जमीन.

सासरे: ऐक. घरामागून उतार, त्याला मऊ माती. मग ओढा, पण त्यात पाणी घोट्याएवढंच. ओढा ओलांडला की लव्हाळं सुरू होतं आणि तिथून दलदल. माणूस कमरेपर्यंत जातो त्यात. एकदा माझी म्हैस गेली होती, दोर लावून दहा जणांनी काढली. त्यातून वाट फक्त मला ठाऊक आहे. मी स्वतः खुंट ठोकलेत. खुंट डाव्या हाताला ठेवायचे, लव्हाळं उजव्या. मधे थांबायचं नाही, ब्रेक लावायचा नाही, मागं वळून तर बघायचंच नाही. पलीकडे टणक जमीन लागली की टेकडी, आणि टेकडीवर गोठा. ही सगळी वाट मी हिला रोज संध्याकाळी सांगत आलोय. विचार तिला.

सूनबाई: हो. रोज.

सासरे: पाठ झालीय का विचार.

सूनबाई: पाठ झालीय मामा.

सासरे: पाठ होऊन उपयोग काय, टायर असले. आता सांग बाबा, याला काय घालशील?

दुकानदार: तुम्ही म्हणता तशी जमीन असेल तर हे. दाते खोल आहेत, दोन दात्यांमधे हाताची मूठ जाईल इतकी जागा. चाक फिरलं की चिखल बाहेर फेकतो, अडकून बसत नाही. पण एक सांगून ठेवतो, कडक जमिनीवर हा भयंकर दणके देतो. तुमच्या पायाला ते सोसायचे नाहीत. आणि खडीवर महिन्याभरात खलास होतो.

सासरे: खडी आहे कुठं तिथं? हेच घे. सूनबाई, पिशवी दे इकडे.

सूनबाई: मामा, आज एकच घेऊ. हे आले की त्यांच्याशी बोलून बाकीचे ठरवू.

सासरे: त्याच्याशी काय बोलायचं? चार दिवस गावाला गेलाय म्हणून तर आज सुखानं दुकानात आलो. तो असता तर मोबाइल काढून उभा राहिला असता.

(दुकानदार फाटलेला टायर उजेडात घेऊन हातानं फिरवतो.)

दुकानदार: काका, हा टायर दलदलीत जात होता म्हणालात?

सासरे: रोज.

दुकानदार: हा कधी चिखलात गेलेलाच नाही.

सूनबाई: दादा, तुम्ही नवा काढा ना. उशीर होतोय.

दुकानदार: नाही ताई, मला कळेना म्हणून विचारतोय. चिखलात जाणाऱ्या टायरच्या खाचांच्या तळाशी माती धरलेली असते, धुतली तरी जात नाही. इथं नुसती पांढरी धूळ आहे. मधोमध झिजलाय तो कडक रस्त्यावर. आणि ही कड फाटलीय ना, ती नव्या फोडलेल्या खडीनं. ओढ्यातला गोटा घासतो, असा चिरत नाही. तुमच्या वाटेवर चिखल नाही, काका.

सासरे: तू गप्प बस जरा.

दुकानदार: मी आपलं टायर बघून...

सासरे: गप्प बस म्हटलं ना. सूनबाई. इकडे बघ. तू शेळ्यांकडे जात नाहीस?

सूनबाई: मामा, घरी जाऊन बोलू.

सासरे: इथंच बोल. रोज सकाळी गाडी काढतेस, दुपारी परत येतेस, आणि मी विचारलं की सांगतेस, हो मामा, खुंट डाव्या हाताला ठेवले, हो मामा, थांबले नाही. आणि तुझा टायर म्हणतोय की तू रस्त्यावर भटकत होतीस. बाजारात जायचीस? मैत्रिणींकडे? वा. मी खाटेवर पडून वाट सांगतोय आणि तुम्ही दोघं माझ्या शेळ्या कोणातरी भाड्याच्या माणसावर सोडून मजा मारताय. विकल्यात का त्या? खरं सांग. विकून टाकल्यात ना?

सूनबाई: विकल्या असत्या तर तुमच्या चहात दूध कुठून आलं असतं रोज?

सासरे: दूध विकत मिळतं.

सूनबाई: मिळतं. आणि दुसऱ्याच्या शेळीचं असतं तर तुम्ही पहिल्याच घोटाला कप ढकलला असता. मामा, आज मला भटकी म्हणालात, तेही भर दुकानात. आता ऐका मग. दलदल राहिलेली नाही.

सासरे: काय राहिलेली नाही?

सूनबाई: दलदल. टेकडीच्या पायथ्याला दगडाची खाण सुरू झाली. त्यांना ट्रक न्यायला रस्ता हवा होता. त्यांनी वरच्या अंगाला मोठा चर खणला, सगळं पाणी खाली ओढ्यात सोडलं आणि मधून खडीचा रस्ता काढला. लव्हाळं वाळलं, मग कोणीतरी पेटवून दिलं. आता तिथं धूळ उडते. मी त्याच रस्त्यानं जाते. लहान पोरही जाईल.

सासरे: कधी झालं हे?

सूनबाई: तुम्ही पडलात त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात.

सासरे: म्हणजे इतके दिवस... आणि मला कोणी सांगितलं नाही. माणसं येत होती की भेटायला. ओढ्यावरचा गवंडी येऊन तासभर बसायचा.

सूनबाई: मी त्यांना दारातच गाठायचे. सांगायचे, दलदलीचं काही बोलू नका.

सासरे: म्हणजे अख्ख्या गल्लीला ठाऊक. गवंड्याला ठाऊक, माझ्या दिवट्याला ठाऊक. तो म्हणूनच ते टायर घेऊन आला. आणि मी त्याला आल्यागेल्यापुढे मूर्ख म्हणत बसलो, आणि तो ऐकून घेत होता.

सूनबाई: ते मला म्हणत होते सांगून टाक. माझ्याच्यानं झालं नाही.

सासरे: का? मी काय काचेचा आहे?

सूनबाई: पाय मोडल्यावर तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडायचात. जेवायला हाक मारली तरी वळत नव्हता. मुलानं हात धरला तर झिडकारायचात. मला शेळ्यांकडे जायचं होतं आणि वाट माहीत नव्हती, म्हणून एका संध्याकाळी विचारलं, मामा, दलदल कशी ओलांडू. त्या दिवशी तुम्ही उठून बसलात. उशी मागितलीत. मग जेवलात. तेव्हा दलदल होती, आणि तुम्ही सांगितलेल्या वाटेनंच मी गेले. पुढे ती आटली. घरी येऊन सांगणार होते. तर तुम्ही आधीच उठून बसला होतात, आज कुठवर गेलीस म्हणून विचारायला. काय सांगू मग? मी नुसतं हो म्हणायला लागले.

सासरे: रोज.

सूनबाई: रोज.

दुकानदार: काका, चहा सांगू का?

सासरे: तू तुझं काम कर. बघितलंस, उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, ते मी खाटेवरून केलं. आणि शेळ्याही माझ्याच. मला राग यायला पाहिजे. येतोय. पण कोणाचा येतोय ते कळत नाही. तू मला खेळवलंस सूनबाई.

सूनबाई: खेळवलं. तुम्ही जेवत होतात. मला परत तसंच करायला लागलं तर मी परत करीन.

सासरे: उलट बोलायला लागलीस.

सूनबाई: तुमच्याच घरात शिकले.

सासरे: माझे खुंट? तेही उपटले असतील त्यांनी.

सूनबाई: आहेत. कोरड्यात उभे आहेत, रस्त्याच्या कडेला. शेवटच्याला मी बोकड बांधते.

सासरे: बोकड. त्या खुंटासाठी मी कमरेएवढ्या चिखलात उभा राहिलो होतो.

सूनबाई: म्हणून तर पक्का आहे. बोकडानं एवढी ओढाताण केली तरी हलत नाही.

सासरे: ते एक बरं. आणि रस्ता कसा आहे? पावसात?

सूनबाई: सरळ आहे तिथवर ठीक. खाणीजवळ एक वळण आहे उताराचं. ट्रकनी खडी उखडलीय. पाऊस पडला की गाडीचं मागचं अंग घसरतं. तिथं मला भीती वाटते. हा टायर तिथंच फाटला.

सासरे: घसरते तर वळणाच्या आधीच... नको. मी ते वळण बघितलेलं नाही. बघून सांगेन.

दुकानदार: ताई म्हणतात तशी जमीन असेल तर मी सांगू का? तुमच्या मुलानं जात बरोबर निवडली होती, फक्त कड पातळ घेतली. याच नक्षीचा, पण कडेला जास्त थर असलेला येतो. अणकुचीदार दगडानं चिरत नाही. दणकेही कमी बसतील.

सासरे: म्हणजे पातळ कडेचा घेतला, एवढा मूर्खपणा तरी त्याचा स्वतःचा आहे. ऐकलंस सूनबाई? सांग त्याला, तेवढं मी मागं घेणार नाही.

सूनबाई: आणि बाकीचं?

सासरे: बाकीचं मी त्याला सांगेन. तू मधे पडू नकोस. घाल बाबा तेच, जाड कडेचे. चारही. आणि ते दातेरी परत भिंतीवर टांग, कोणातरी समुद्रकाठच्या शहाण्याला उपयोगी पडतील.

दुकानदार: उद्या चालवणार तुम्हीच ना? म्हणजे हवा किती ठेवायची ते बघून...

सासरे: चालवणार ती. मला तो रस्ता माहीत नाही. मी मागे बसणार.

सूनबाई: मागे दणके बसतात मामा.

सासरे: बसू देत. घरी चल आधी. आज संध्याकाळी वाट तू सांग, घरापासून गोठ्यापर्यंत सगळी. मी नुसतं हो म्हणेन.